मदत हवी आहे: पत्रिकेत ‘फादर’ आणि ‘रेव्ह.’ लिहायचं की नाही?

नमस्कार मंडळी. आई-बाबांच्या लग्नाला 50 वर्षं होताहेत, नाशिकच्या शरणपूर भागात छोटी उपकारस्तुती (देवाचे आभार मानायची प्रार्थनासभा) ठेवली आहे. आमच्या चर्चचे पाळकसाहेब (रेव्हरंड, म्हणजे पत्रिकेतले ‘रेव्ह.’) येतील, शिवाय नाशिकरोडहून बाबांचे मित्र, एक कॅथलिक फादर.

पत्रिकेचं प्रूफ आलं आणि मोठ्या काकांनी लाल पेनने ‘फादर’वर काट मारली! म्हणे, बायबलमधलं मत्तय 23:9 वाच, पृथ्वीवर कोणाला पिता म्हणू नका असं प्रभूने सांगितलंय. ‘रेव्ह.’ही नको, नुसतं ‘बंधू’ लिही.

मला हे पटत नाही. त्याच अध्यायात ‘गुरू’ म्हणवून घेऊ नका असंही आहे, आणि काका स्वतः निवृत्त शिक्षक, ‘सर’ म्हटलं नाही तर वळून बघत नाहीत. प्रेषित पौलानेही करिंथच्या ख्रिस्ती मंडळीला सुवार्तेद्वारे मीच तुमचा पिता झालो असं लिहिलंय (1 करिंथ 4:15). आणि ना. वा. टिळकांना आपण अजून रेव्हरंड टिळकच म्हणतो ना?

पण काकांना दुखवायचंही नाही. दोघांच्या नावाआधी ‘आदरणीय’ चालेल का? की फादरांना ते परकं वाटेल? तुमच्याकडे काय छापतात? शनिवारी प्रूफ परत द्यायचंय.