साधी यंत्रे शिकवायची आहेत, पण मुलांनी स्वतः काही घडवून. सुरुवात कुठून करू?

झेडपीची_मॅडम (आर्वी तालुका)

नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी-सातवीला विज्ञान शिकवते. साधी यंत्रे हा धडा आता घ्यायचा आहे. तरफ, कप्पी, उतरण, पाचर, मळसूत्र, चाक आणि आस ही नावं मुलं लगेच पाठ करतात. टेकू मधे, भार मधे, बल मधे असे तरफेचे तिन्ही प्रकार घडाघडा म्हणतात. पण फाटकाजवळ रुतलेला धोंडा काढायला सब्बल (पहार) कुठे घालायची असं विचारलं, की सगळे एकाच मुलाकडे बघतात. त्याचे वडील विहिरी खोदायला जातात. त्याला धड्यातलं एक नाव धड सांगता येत नाही, आणि धोंडा तोच काढतो.

म्हणून या वर्षी मुलांनी स्वतःची यंत्रं शोधावीत असं ठरवलंय. यूट्यूबवर पाहून वडिलांनी रात्री जागून केलेलं थर्माकोलचं मॉडेल मला नको. पैसे जवळजवळ नाहीतच. आधी नावं शिकवून मग करायला लावू, की उलट? आणि गुण कशाला द्यायचे?

आयटीआय_पुसद

मॅडम, अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर टाकाऊ वस्तूंपासून करायची खूप खेळणी आहेत, फुकट बघता येतात, मराठीतही पुष्कळ मजकूर आहे. एखादी चांगली कल्पना निघाली तर शाळेमार्फत इन्स्पायर मानक या शाळकरी मुलांच्या कल्पनांसाठीच्या सरकारी योजनेला पाठवा. निवड झाली तर मॉडेल करायला मुलाला १०,००० रुपये मिळतात.

निवृत्त_गुरुजी (दारव्हा)

बाई, उलटच करा. आधी काम द्या, नावं शेवटी. माझी सगळी नोकरी दारव्हा-दिग्रसकडच्या खेड्यांत झाली आणि या बाबतीत माझं मत कधी बदललं नाही. नाव आधी मिळालं की लेकरू ते नाव कुठे चिकटवायचं एवढंच शोधतं. काम आधी मिळालं की हात चालतात, प्रश्न पडतात, आणि मग आलेलं नाव विसरत नाही.

काम घरातलंच असावं. आई, आजी, काकू कोणतं काम करून झाल्यावर कमरेला हात लावतात ते आठवडाभर बघून या म्हणावं. माझ्याकडे बहुतेक वेळा पाणी ओढणं, सोयाबीनचं पोतं बंडीत (बैलगाडीत) चढवणं आणि कापसाचं गाठोडं डोक्यावर घेणं हीच कामं यायची. एका मुलीने लिहून आणलं होतं की आजीला पावशीवर (विळीवर) बसून उठताना त्रास होतो. ते मला फार आवडलं, कारण तिने यंत्राकडे न बघता आजीकडे बघितलं होतं.

मग अटी घाला. अटींशिवाय शोध लागत नाही, नुसता पसारा होतो. तुम्ही वर्धा जिल्ह्यातल्या, म्हणून ही हकीकत मुलांना जरूर सांगा. १९२९ साली गांधीजींच्या अखिल भारतीय चरखा संघाने सुधारलेला चरखा शोधणाऱ्याला एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. चरखा हलका हवा, खेड्यातल्या घरात हाताने किंवा पायाने चालावा, बाईला ८ तास फार न थकता चालवता यावा, किंमत १५० रुपयांच्या वर जाऊ नये, नीट वापरला तर २० वर्षं टिकावा. बक्षीस कोणालाच मिळालं नाही. हे ऐकून मुलं आधी रकमेवर बोलतात, मग अटींवर भांडतात. "वीस वर्षं काहून, सर?" असा प्रश्न आला की तिथेच त्यांना आपल्या यंत्राच्या अटी लिहायला बसवा. एकट्या माणसाला चालवता यावं, खर्च वीस रुपयांच्या आत, मोडलं तर गावातच नीट व्हावं. एवढ्या पुरतात.

यापुढचं सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मोजणं. "हलकं लागते सर" यावर थांबू देऊ नका. वजन करायचा हुकाचा काटा आणा. विहिरीवर मुलांना नेऊ नका, शाळेतल्या कडुनिंबाच्या फांदीला कप्पी बांधा आणि पाच किलो भरेल एवढी बादली लावा. दोरीच्या दुसऱ्या टोकाला काटा अडकवून खाली ओढायला सांगा. मुलांची खात्री असते की कप्पीने वजन कमी होणार. काटा पाचच दाखवतो, उलट घर्षणामुळे थोडा जास्तच. इथे वर्गात जो गोंधळ होतो तो होऊ द्या, लगेच उत्तर देऊ नका. वजन कमी होत नाही तर विहिरीवर कप्पी लावलीच कशाला, हे त्यांच्याच तोंडून येऊ द्या: खाली ओढताना आपल्या अंगाचा भार कामी येतो. नंतर दोरीचं एक टोक फांदीला बांधा आणि कप्पी बादलीसोबत वर-खाली होईल अशी लावा, दुसरं टोक वर ओढा. आता काटा जवळजवळ निम्म्यावर येतो. मग दोरी मोजायला लावा. बादली एक हात वर येते तेव्हा दोरी दोन हात ओढावी लागते. एवढं कळलं की अर्धा धडा झाला.

तान्ह्या पोळ्याला मुलं ओढतात ते चाकांचे लाकडी नंदी घरोघरी माळ्यावर पडून असतात, ते मागवा. नंदीवर वाळूची पिशवी बांधून काट्याने फळीवर ओढायचा. मग चाकं दोरीने जाम करून ओढायचा. मग आखाला तेल देऊन. शेवटी त्याच उंचीवर आधी आखूड फळी, मग लांब फळी लावून. आकडे फळ्यावर लिहा, बाकी तुम्हाला फार बोलावं लागणार नाही. तरफेला तर फूटपट्टी, पेन्सिल आणि रुपयाची नाणी बस. टेकूपासून १२ सेंटिमीटरवरचं एक नाणं ६ सेंटिमीटरवरच्या दोन नाण्यांना तोलतं आणि ४ सेंटिमीटरवरच्या तिनांना. नियम मुलं स्वतःच सांगतात.

गुण पहिल्या मॉडेलला देऊ नका. पहिलं काय मोडलं, काय बदललं, बदलल्यावर काट्याने काय दाखवलं, हे वहीत असेल तर द्या. घरून कोणी करून दिलेलं यंत्र या वहीत लगेच उघडं पडतं.

संत्रा_वरूड

गुरुजींचं पटलं. माझ्या मुलाने संत्रा तोडायची काठी केली. बांबूच्या टोकाला कात्री, खाली सायकलचा ब्रेक आणि मधे ब्रेकचीच तार. संत्रा ओढून तोडला की देठाशी साल फाटते आणि फळ लवकर सडतं, म्हणून देठ कापायचा होता. कात्री छान चालली, पण बांबू धरून हात दुखायला लागले, कारण सगळं वजन दूरच्या टोकाला. मग त्यानेच दुबेळक्याची (टोकाला दोन फाटे असलेली) एक काठी जमिनीत रोवून बांबू तिच्यावर टेकवला. झाडागणिक ती उपटून पुन्हा रोवावी लागते, त्यावर आता डोकं चालवणं सुरू आहे. टेकू हा शब्द त्याला मी तेव्हा सांगितला.

आयटीआय_पुसद

गुरुजींच्या नंदीत एक भर. बंडीचं चाक आखावर मोकळं फिरतं, तिथे फायदा घर्षण कमी होण्याचा आहे. रहाटाला दांडा लावून लाट (जिच्यावर दोरी गुंडाळली जाते ती) फिरवली की गोष्ट वेगळी. दांडा ३० सेंटिमीटर आणि लाटेची त्रिज्या १० असेल तर साधारण तिसरा हिस्सा जोर लागतो. पुस्तकात दोन्ही चाक आणि आस या नावाखाली येतात आणि मुलं गोंधळतात. बांबू आणि जुन्या पायडलची कडी घेऊन छोटा रहाट करून घ्या, फरक हाताला कळेल.

झेडपीची_मॅडम (आर्वी तालुका)

सगळ्यांचे मनापासून आभार. आनंददायी शनिवारी निंबाखाली कप्पीपासूनच सुरू करते, आणि दोरी बांधायचं काम सब्बलवाल्या मुलाला देते. घरची कामं बघून यायला आजच सांगितलं. गुरुजी, काटा डिजिटल घेऊ की स्प्रिंगचा?

निवृत्त_गुरुजी (दारव्हा)

स्प्रिंगचा, दहा किलोचा. जोर वाढतो तसा काटा सरकताना मुलांना दिसला पाहिजे. आणि ओढायला सुरुवात करतानाचा आकडा लिहू नका, दोरी सावकाश, एकसारखी चालू लागली की मगच वाचायला सांगा.