पार्षद (नगरसेवक) म्हणून उभं राहायला सांगताहेत, खरं काम काय असतं?

रामबागची_सूनबाई:
नमस्कार मंडळी, इंदूरचे कोणी असतील तर जरा सांगा. मी ४३ वर्षांची, घरी शिकवण्या घेते, राजकारणाशी काही संबंध नाही. मागच्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतलं ड्रेनेजचं चेंबर चोक झालं, घाण पाणी थेट ओट्यापर्यंत आलं. निगमच्या ३११ ॲपवर तक्रार टाकली, जोन ऑफिसला अकरा चकरा मारल्या, शेवटी एकदाचं झालं. तेव्हापासून गल्लीत कोणाचा नळ आला नाही की फोन मला. आता २०२७ च्या निवडणुकीत आपला वॉर्ड महिलांसाठी राखीव होईल अशी हवा आहे, एक पार्टीवाले घरी आले, चहा प्यायले आणि सगळं बोलणं ह्यांच्याशी. "भाऊ, ताईंना उभं करू, बाकी तुम्ही बघालच." मी तिथेच ट्रे घेऊन उभी होते हो. राग आला पण हेही खरं की मला माहीत नाही पार्षदाच्या हातात असतं काय आणि दिवसभर करायचं काय.

जोन_रिटायर्ड:
ताई, तीस वर्षं नगर निगममध्ये (महापालिकेत) काढली म्हणून सांगतो. इंदुरात ८५ वॉर्ड, म्हणजे ८५ पार्षद. लोकांना वाटतं पार्षदाने म्हटलं की उद्या रस्ता. तसं नसतं. हुकूम द्यायचा अधिकार आयुक्त नि अधिकाऱ्यांकडे, पार्षद मागणी लिहितो, मग उपयंत्री (ज्युनियर इंजिनियर) येऊन मोजतो, एस्टिमेट बनतं, मंजुरी, टेंडर, आणि ह्या प्रत्येक टेबलावर फाईल झोपते, तिला उठवायचं काम तुमचं. तुम्ही अकरा चकरा मारल्या ना, बस, तीच नोकरी, फक्त पाच वर्षं आणि पूर्ण वॉर्डासाठी. परिषदेच्या बैठकीत बजेटवर बोलता येतं, प्रश्न विचारता येतात, पण बरेच जण फक्त टेबल वाजवायला जातात.

मी पाहिलेले चांगले पार्षद सकाळी साडेसहाला सफाईवाल्यांच्या हजेरीला उभे असायचे. दरोगा, म्हणजे सफाईचा मुकादम, नावं पुकारतो तेव्हा पार्षद समोर असला की कामावर न येणाऱ्याची हजेरी लागत नाही. स्वच्छतेत २०१७ पासून आपला नंबर पहिला येत गेला, तो काय नुसत्या भिंती रंगवून नाही. दुसरं, वॉल्व्ह उघडणाऱ्या माणसाशी ओळख ठेवा. नर्मदेचं पाणी जलूदहून इतकं लांब चढवून आणतात, बऱ्याच भागात एक दिवसाआड येतं, त्यात त्याने वॉल्व्ह वीस मिनिटं उशिरा उघडला की शेवटच्या गल्लीत बोंब आणि शिव्या तुम्हाला.

आणि जे निगमचं नाही त्याचं वचन देऊ नका. खांबावरचा दिवा निगमचा, घरातली लाईट गेली तर ती वीज कंपनी. रेशन दुकान वेगळ्या खात्याचं, पोलीस तर वेगळेच. लोक सगळ्यासाठी तुमच्याचकडे येतील.

छप्पनचा_भिया:
काकू एक राहिलं, वॉर्डातलं प्रत्येक लग्न आणि प्रत्येक तेरावं. एका दिवशी चार लग्नं असली तर चारही ठिकाणी जेवायचं, नाही जेवलात तर "आता मोठ्या झाल्या" 😂 पोट सांभाळा

पार्षदाची_मुलगी:
माझी आई एक टर्म पार्षद होती, पुष्कळ वर्षं झाली. म्हणून मला ते "बाकी तुम्ही बघाल" वाचून हसूच आलं. एमपीत स्थानिक संस्थांमध्ये महिलांना ५० टक्के आरक्षण आहे, पण सोबत पार्षदपती, म्हणजे पार्षद बाईचा नवरा, नावाचं पदही आपोआप तयार झालं, त्याची निवडणूक लागत नाही. आई निवडून आल्यावर पहिले सहा महिने अधिकारी बाबांनाच फोन करायचे, लोक घरी आले की "साहेब आहेत का". बाबा बिचारे चांगले होते पण त्यांनाही ते आवडायला लागलं होतं, खोटं कशाला बोलू. मग एक दिवस आईने आपला शिक्का आणि लेटरहेड उचलून शिवणाच्या मशीनच्या ड्रॉवरमध्ये टाकलं आणि किल्ली मंगळसूत्राला. कोणाला आधारच्या पत्त्यासाठी पत्र हवं, कोणाला पेन्शनच्या अर्जासाठी, यायचं तर तिच्याकडेच यायचं. ती समोर बसवून विचारायची, किती वर्षं राहता, घरात कोण कोण. वॉर्ड तिला तिथेच कळला.

त्रासाचं सांगू का, तो रस्ते-गटारांचा नव्हता. सख्ख्या मामाने दुकानाचा ओटला (ओटा) रस्त्यावर पुढे वाढवला होता, निगमची पिवळी गाडी आली तोडायला. मामाचा फोन, आजीचा फोन, आई जेवत होती, जेवतच राहिली. कोणालाही फोन केला नाही. दोन वर्षं मामा भाऊबीजेला आला नाही. तुम्ही उभ्या राहायच्या आधी नवऱ्याशी नाही, माहेरी बोलून घ्या 🙂

सुदामानगरकर:
सुमित्राताई महाजनांचं उदाहरण द्यावंसं वाटतं, त्याही १९८२ मध्ये इंदूरच्या निगममध्येच पार्षद होत्या, मग १९८४ ला उपमहापौर, आणि लोकसभा नंतर १९८९ ला. पण सगळ्यांनी तिकडेच बघून उभं राहू नये असं माझं मत. आमचे आधीचे पार्षद पहिल्या दिवसापासून विधानसभेच्या तिकिटाच्या मागे, गल्लीत बॅनर भारी, खड्डे तसेच. अपक्ष राहायचा विचार केला का? पैसा कमी लागेल असं नाही, पण कोणी ह्यांच्याशी बोलणार नाही.

जोन_रिटायर्ड:
अपक्ष म्हणून एकटं पडायला होतं, फाईल आणखी झोपते. पण तिकीट घेताना अट घालता येते. आणि ताई, उभं राहा न राहा, मालमत्ता कर नि जलकर भरून पावती नीट ठेवा. निगमची थकबाकी असली तर फॉर्मच्या वेळी धावपळ होते, समोरचा तेच शोधत असतो.

रामबागची_सूनबाई:
सगळ्यांचे आभार. त्या पार्टीवाल्यांना फोन केला, रविवारी या म्हटलं, बोलणं माझ्याशी होईल, हे त्या वेळी भाजी आणायला जाणार आहेत. माहेरी अजून बोलले नाही, आमच्या भावाचा पण एक ओटला आहे, बघू.

जोनवाल्या काका, तुमचं वाचून आत्ता कपाट उघडलं. मालमत्ता कराची पावती मिळाली. जलकर दोन वर्षांचा बाकी आहे. हे दरवर्षी सांगायचे, भरलाय म्हणून.