मदत हवी आहे : अमेरिकेच्या प्रवासबंदीचा निकाल नीट समजून घ्यायचाय

नमस्कार मंडळी,

कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या अभ्यासगटात मला 'ट्रम्प विरुद्ध हवाई' या खटल्यावर मराठीत बोलायचं आहे. राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्या २७ जानेवारी २०१७ च्या आदेशाने इराण, इराक, सीरियासह सात मुस्लिमबहुल देशांच्या नागरिकांना अमेरिकेत प्रवेश बंद झाला. अमेरिकन सैन्यासाठी दुभाष्याचं काम केलेला एक इराकी माणूससुद्धा न्यूयॉर्कच्या विमानतळावर अडवला गेला. वकील तिथेच जमिनीवर लॅपटॉप घेऊन बसले आणि दुसऱ्याच दिवशी ब्रुकलिनच्या न्यायालयाने परत पाठवणी थांबवली. हे वाचताना आजही अंगावर काटा येतो.

पुढे बंदीचा मसुदा दोनदा बदलला, आणि तिसरा २६ जून २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ असा उचलून धरला. माझं घोडं अडलंय ते इथे. अमेरिकेच्या स्थलांतर कायद्यातली १९६५ ची दुरुस्ती म्हणते, स्थलांतरितांना व्हिसा देताना राष्ट्रीयत्वावरून भेदभाव नको. न्यायालय म्हणालं, ते व्हिसा देण्यापुरतं. प्रवेश रोखण्याचा राष्ट्राध्यक्षांचा अधिकार वेगळा. पण प्रवेशच नसेल तर व्हिसा मिळणार कसा? मला हा युक्तिवाद पटत नाही.

अमेरिकेत इमिग्रेशनची वकिली करणारं किंवा घटनात्मक कायदा शिकवणारं कुणी गटात असेल, तर बहुमताची बाजू त्या न्यायाधीशांच्याच नजरेतून समजावून सांगाल का? या निकालाच्या विरोधात मत देणाऱ्या न्या. सोटोमायॉर यांच्या भिन्नमतावर मराठीत काही वाचनीय असेल तर तेही कळवा. भाषण पुढच्या आठवड्यात आहे.