आर्टिकल १९ मधलं रिस्ट्रिक्शन म्हणजे बंदी का?

धुळेकर_अभ्यासू:
राम राम मंडळी, मेन्सची तयारी चालूये. शिकलो सगळं मराठीतून अन् पॉलिटीचं पुस्तक घेतलंय इंग्रजी. संविधानाच्या १९(२) ला, म्हणजे बोलण्याच्या स्वातंत्र्यावर सरकार काय अटी लावू शकतं त्या कलमाला, 'रीझनेबल रिस्ट्रिक्शन्स' आहे तिथं गाडी अडलीय. डिक्शनरीत मर्यादा पण दिलंय, बंधन पण, मग सरकारने रिस्ट्रिक्शन लावलं की ती गोष्ट बंदच होते का? अन् उत्तरात लिमिट लिहिलं तर चालेल का? अभ्यासिकेत विचारलं तर तिघांची तीन उत्तरं.

शहाद्याची_ताई:
नाही रे भाऊ, बंदीला प्रोहिबिशन म्हणतात. मराठी संविधानात 'वाजवी निर्बंध' आहे, तेच लिही. हक्क तुझाच राहतो, वापरायला अटी येतात. लिमिट आकड्याला बरं, वयाची लिमिट, स्पीड लिमिट. अन् १९(२) मध्ये 'रीझनेबल' हा शब्द १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने आला, हे विसरू नको, विचारतात.

चोपडेकर_वकील:
ताईंचं बरोबर, पण बंदी पूर्ण वेगळी असं लिहू नका. चिंतामणराव विरुद्ध मध्य प्रदेश, १९५० ची केस वाचाच. शेतीला मजूर मिळावेत म्हणून हंगामात ठराविक गावांत बिड्या वळायलाच मनाई करायची सोय कायद्यात होती. कापूस वेचणीला माणूस मिळत नाही तेव्हा आपल्याकडच्या शेतकऱ्यालाही असा कायदा पटेल, पण कोर्टाने विचारलं की ज्या म्हाताऱ्या बाया, अपंग माणसं शेतात जाऊच शकत नाहीत त्यांची बिडी का बंद करता? नुसते कामाचे तास बांधून दिले असते तर एकवेळ चाललं असतं. हेतूला लागतं त्यापेक्षा जास्त आवळलं की ते रीझनेबल राहत नाही. केस धंद्याच्या हक्काची आहे, १९(१)(जी) ची, पण 'रीझनेबल' समजायला हीच धरा. मात्र १९६० च्या नरेंद्र कुमार केसमध्ये कोर्टानेच सांगितलं की रिस्ट्रिक्शनमध्ये पूर्ण बंदीही येऊ शकते, फक्त तेव्हा कसोटी जास्त कडक लागते.

धुळेकर_अभ्यासू:
म्हणजे शब्दावरून नाही, किती आवळलंय त्यावरून ठरतं. भारी समजलं वकीलसाहेब. इंग्रजीत वाक्य कसं करू, रिस्ट्रिक्शन टू का ऑन?

शहाद्याची_ताई:
ऑन. 'द स्टेट कॅन इम्पोज रीझनेबल रिस्ट्रिक्शन्स ऑन धिस राइट'. टू येतं ते 'रिस्ट्रिक्टेड टू' मध्ये, म्हणजे अमुकपुरतंच.