अमेरिकेत ट्रक ड्रायव्हरांच्या बुडत्या पेन्शन फंडात सरकारने ३६ अब्ज डॉलर ओतले, बरोबर केलं का?

टोलेडोकर
आमच्या समोरच्या घरात एक आजोबा राहतात, आयुष्यभर कार हॉलर चालवला, म्हणजे कारखान्यातून नव्या गाड्या ट्रकवर चढवायच्या आणि डीलरकडे पोचवायच्या. टीमस्टर्स या ट्रक ड्रायव्हरांच्या युनियनचे जुने मेंबर. २०१५ च्या शेवटी त्यांना सेंट्रल स्टेट्स पेन्शन फंडाचं पत्र आलं, सध्याचं पेन्शन एवढं, नव्या प्लॅनमध्ये एवढं, आणि दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्याहून कमी. आजींनी ते पत्र फ्रिजला मॅग्नेटने लावून ठेवलं होतं, शेजारी त्यांच्या इन्सुलिनची बिलं. घर विकायचं की आजोबांनी सत्तरीत पुन्हा कामाला जायचं, रोज हीच चर्चा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हा एका कंपनीचा फंड नाही, शेकडो ट्रक कंपन्या मिळून त्यात पैसे भरायच्या. २०१४ च्या डिसेंबरात काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, कायदा केला की असा फंड बुडायला आला तर चालू पेन्शनही कापता येईल. सेंट्रल स्टेट्सने लगेच २०१५ मध्ये अर्ज टाकला, अडीच लाखांहून जास्त लोकांचं पेन्शन कापलं जाणार होतं. मे २०१६ मध्ये ट्रेझरीने, म्हणजे सरकारच्या अर्थखात्याने, तो नाकारला, पण नाकारल्याने फंडात पैसे थोडेच येतात? २०२५ च्या आसपास तिजोरी रिकामी होणार हे ठरलेलंच होतं. शेवटी २०२१ चा अमेरिकन रेस्क्यू प्लॅन हा सरकारी मदतीचा कायदा आला आणि डिसेंबर २०२२ मध्ये या एका फंडाला जवळपास ३६ अब्ज मंजूर झाले. साडेतीन लाख लोकांचं पेन्शन वाचलं.

माझं म्हणणं सरळ आहे. पेन्शन म्हणजे बक्षीस नाही, उशिरा मिळणारा पगार आहे. दर करारात ठरायचं की तासाला किती वाढ घ्यायची आणि किती फंडात टाकायची. यांनी ती वाढ सोडली म्हणून फंडात पैसे गेले. ते द्यायलाच हवे होते.

रोखठोक
ताई, आजोबांबद्दल सहानुभूती आहे, पण प्रश्न पैसे कोणी द्यायचे हा आहे. २००८ मध्ये माझ्या ४०१के मधले, म्हणजे निवृत्तीच्या स्वतःच्या खात्यातले, पैसे धाडकन खाली आले तेव्हा ट्रेझरीने मला चेक पाठवला नाही. आणि ट्रकिंगमध्येच बघा ना, आपले पंजाबी बांधव कॅलिफोर्नियात स्वतःचा ट्रक घेऊन चालवतात, त्यांना कुठलं पेन्शन? डिझेल, इन्शुरन्स, टायर सगळं खिशातून, आणि त्यांच्याच टॅक्समधून युनियनवाल्यांच्या फंडाची भरपाई. हे कर्जही नाही, परत फेडायचं नाही. कारभार बघा, मेलेल्या साडेतीन हजार लोकांची नावं धरून फंडाने जास्तीचे १२७ मिलियन घेतले आणि बोंब झाल्यावर २०२४ मध्ये परत केले.

एडिसनचे आबा
हा फंड टीमस्टर्सचा जुना नेता जिमी हॉफाचा हे विसरू नका. १९५५ चा. याच फंडातून लास वेगासच्या कॅसिनोंना कर्जं गेली, माफियाचे हात त्यात होते हे जगजाहीर आहे. असल्या लोकांच्या हाती पैसे दिल्यावर दुसरं काय होणार!

फ्रेटडेस्क
आबा, तो इतिहास खरा आहे, पण फंड त्याने बुडालेला नाही. १९८२ मध्ये कोर्टाच्या हुकुमाने गुंतवणूक ट्रस्टींच्या हातातून काढून वॉल स्ट्रीटच्या मोठ्या बँकांकडे दिली. त्यानंतर पंचवीस वर्षं हॉफाचा नाही तर बँकांचाच हात होता, आणि २००८ ला मार्केट पडलं तेव्हाही त्यांचाच होता.

मी ट्रकिंग कंपनीत डिस्पॅचला आहे, रोज हेच बघतो म्हणून सांगतो. खरी सुरुवात १९८० च्या मोटर कॅरियर ॲक्टपासून आहे. त्याआधी भाडं आणि रूट सरकारी परवानगीने ठरायचे, तो कायदा आला आणि दर पडले, नव्या बिनयुनियनच्या कंपन्या आल्या आणि जुन्या एकेक करून बंद झाल्या. पण बंद कंपनीच्या ड्रायव्हरचं पेन्शन थांबत नाही ना. ते राहिलेल्या कंपन्यांच्या अंगावर येतं. अशा माणसांना इथे ऑर्फन म्हणतात, अनाथ. भिशीतून निम्मे लोक निघून गेले आणि उरलेल्यांनी सगळ्यांचे हप्ते भरायचे तसं झालं. शेवटी शेवटी फंडात एक डॉलर यायचा तेव्हा तीनपेक्षा जास्त बाहेर जायचे, म्हणजे वर्षाला साधारण दोन अब्जांचं भगदाड. एवढं कुठलीही गुंतवणूक भरून काढत नाही, मॅनेजर कितीही हुशार असू दे.

रोखठोक
भिशीचं उदाहरण दिलंत तर पुढचंही सांगा. सगळ्यात मोठा भिडू यूपीएस ही पार्सल कंपनी. २००७ मध्ये ६.१ अब्ज डॉलर भरून फंडातून बाहेर पडला, आणि ते युनियनच्या करारात ठरून झालं. यूपीएसच्या ड्रायव्हरांना वेगळं पेन्शन मिळालं, युनियनने त्यांचं बघितलं आणि बाकीच्यांना वाऱ्यावर सोडलं. मग त्याची किंमत मी का मोजू? फंडाच्या बोर्डावर निम्मे युनियनचे, निम्मे मालकांचे, टॅक्स भरणाऱ्याचा एकही माणूस नाही.

टोलेडोकर
यूपीएसला जाऊ दिलं ही युनियनची घोडचूक, यावर वाद नाही, टीमस्टर्सचे निवृत्त लोकही तेव्हापासून तेच बोलतात. पण शिक्षा कोणाला? सही करणारे नेते आणि बाहेर पडलेली कंपनी सुखात, आणि जो बाप्या १९९८ लाच रिटायर झाला, ज्याला करारावर मतही देता आलं नाही, त्याचं पेन्शन निम्मं. हे तुम्हाला योग्य वाटतं? आणि "विमा आहे" असं कोणी म्हणण्याआधी सांगते, पीबीजीसी नावाची सरकारी विमा संस्था अशा फंडांना तीस वर्षं नोकरी केलेल्याला वर्षाला जास्तीत जास्त १२,८७० डॉलरची हमी देते. आणि ती योजनासुद्धा त्याच सुमाराला बुडणार होती, कारण सेंट्रल स्टेट्स पडला असता तर ओझं तिच्यावरच होतं.

सिनसिनाटीचे बुच लुईस, युनियनचे निवृत्त नेते, या कपातीविरुद्ध लढत होते. २०१५ च्या शेवटच्या दिवशी स्ट्रोकने गेले. पुढे त्यांच्या बायकोने वॉशिंग्टनला जाऊन सिनेटसमोर साक्ष दिली. पेन्शन वाचवायच्या मूळ बिलाला बुच लुईस यांचंच नाव होतं. पैसे काही आपोआप आले नाहीत, म्हातारी माणसं थंडीत बसने जाऊन उभी राहिली म्हणून आले.

वाशीमार्केट
इकडून लिहितोय, वडील माथाडी होते. १९६९ च्या कायद्याने आमच्याकडे बोर्ड झालं. मालक दहा असोत की पन्नास, मजुरी आणि वरची लेव्ही बोर्डात जमा करायची आणि बोर्ड त्यातून पीएफ, ग्रॅच्युइटी देणार. म्हणजे अनेक मालक मिळून एक फंड ही गोष्ट आम्हाला नवीन नाही. फरक एवढाच की पीएफ ज्याच्या त्याच्या खात्यावर असतो, दुसरी पेढी बंद पडली म्हणून माझ्या वडिलांच्या खात्यातले पैसे जात नाहीत. मला वाटतं रोखठोक म्हणतात ते चुकीचं नाही, महिन्याला अमुक रक्कम मरेपर्यंत देऊ असं वचन द्यायचंच नव्हतं.

पण खात्याचंही सुख नाही. पीएफ हातात आला आणि बहिणीचं लग्न आणि गावचं घर यातच गेला. आणि आमच्या कारखान्यातल्या शेजाऱ्यांना ईपीएस ९५ चं पेन्शन, २०१४ पासून किमान हजार रुपये ठरलंय, हजारात महिना काढून दाखवा कोणी.

रोखठोक
दादा, तुमचा पहिला मुद्दा हाच माझा मुद्दा. ज्याचं त्याचं खातं, ज्याचे त्याचे पैसे.

फ्रेटडेस्क
आणि दुसरा मुद्दा वाचला नाहीत का? जोखीम सगळी एकट्या ड्रायव्हरवर टाकली की म्हातारपणी पुन्हा सरकारच्याच दारात यावं लागतं, गरिबांसाठीचं मेडिकेड, फूड स्टॅम्प, ते पैसेही टॅक्समधूनच जातात.

बरं, ३६ अब्जांनी सगळं मिटलं असं समजू नका. ऑगस्ट २०२३ मध्ये येलो ही मोठी ट्रकिंग कंपनी दिवाळखोरीत गेली, टीमस्टर्सचे २२ हजार लोक घरी बसले. या लोकांनी आधीच किती सोसलं होतं बघा, २००९ मध्ये कंपनीने पेन्शनचा हप्ताच थांबवला आणि २०११ ला पुन्हा सुरू केला तो आधीच्या चौथाई दराने, कंपनी जगावी म्हणून कामगारांनी हे मान्य केलं. तरी बुडाली. फंडातून बाहेर पडणाऱ्या कंपनीला तिच्या वाट्याची तूट भरावी लागते. आता तिच्या टर्मिनलच्या विक्रीतून अब्जावधी डॉलर आले तर येलोची बाजू काय म्हणते, फंडाला सरकारने मदत केली, म्हणजे आमच्या बाहेर पडण्याने तुमचं नुकसान झालंच नाही! दिवाळखोरी कोर्टाने २०२४ मध्ये हे फेटाळलं ते बरं झालं. रोखठोक, टॅक्सच्या पैशाची चिंता असेल तर इथे आवाज काढा. सरकारी मदत शेअरहोल्डरांच्या खिशात वळवायचा तो प्रयत्न होता.

रोखठोक
हे मान्य, तिथे फंडाचा हक्क आधी. पण तुमच्याच उदाहरणावरून दिसतं ना, कंपन्या अजून बुडतायत. कायद्याचं लक्ष्य २०५१ पर्यंत पैसे पुरणं हे आहे. त्यानंतर?

नवखा_चालक
मला पण तेच विचारायचंय. इंडियानात युनियनच्या एलटीएल (अनेकांचा थोडा थोडा माल एकाच ट्रकमधून नेणाऱ्या) कंपनीत लागलोय, वय ३१. करारातून माझ्या नावाने दर आठवड्याला फंडात पैसे जातात, हातात दिसत नाहीत. २०५१ ला मी ५७ चा. जुने ड्रायव्हर म्हणतात काळजी नको, आता सरकार आहे पाठीशी. मला झोप लागत नाही, बायको म्हणते बिनयुनियनच्या कंपनीत जा, तिथे ४०१के आहे.

टोलेडोकर
भाऊ, नुसत्या धीरावर राहू नका. दरवर्षी फंडाकडून ॲन्युअल फंडिंग नोटीस येते, ती फेकू नका. फंड कुठल्या झोनमध्ये, म्हणजे धोक्याच्या कुठल्या पातळीवर, आहे, किती टक्के भरलेला आहे, काम करणारे किती आणि पेन्शन घेणारे किती, सगळं त्यात असतं. शेवटचे दोन आकडे दरवर्षी वहीत लिहून ठेवा, फंडाची तब्येत त्यातच कळते. आणि नोकरी बदलण्याआधी व्हेस्टिंगची, म्हणजे पेन्शनवरचा हक्क पक्का व्हायची, पाच वर्षं पुरी झालीत का ते बघा, नाहीतर आतापर्यंतचं सगळं पाण्यात.

रोखठोक
आणि स्वतःचं आयआरए, म्हणजे निवृत्तीसाठीचं वैयक्तिक खातं, आजच उघडा. महिना शंभर डॉलरने का होईना. टोलेडोकरांशी माझं पटत नाही, पण ती नोटीस वाचा हे अगदी बरोबर सांगितलंय त्यांनी.

फ्रेटडेस्क
नोटीस हातात आली की आकडे इथे टाका, मी समजावून सांगतो. आणि लोकलच्या, म्हणजे युनियनच्या स्थानिक शाखेच्या, मीटिंगला जात जा. पुढच्या करारात फंडात किती जाणार आणि हातात किती येणार ते तिथेच ठरतं, आणि तरुण ड्रायव्हर तिथे फिरकतच नाहीत.