कामं सोपवायची कशी? शिकवायला आठवड्याला दोनच तास आहेत

निळी शाई
नमस्कार मंडळी. पाच जणांची टीम माझ्याकडे आली त्याला आठ महिने झाले. ग्राहकांच्या तक्रारींना उत्तरं, सोमवारचा अहवाल, सुट्ट्यांचं वेळापत्रक, सगळं अजून मीच करते. टीम साडेसहाला निघते, मी नऊपर्यंत बसलेली असते. आता काही कामं सोपवायचीच आहेत. अटी आधीच सांगते: नवीन माणूस मिळणार नाही, नवीन सॉफ्टवेअर मिळणार नाही, आणि शिकवायला माझ्याकडे आठवड्याला दोनच तास आहेत. सुरुवात कुठल्या कामापासून करू?

उनाड वारा
टास्क बोर्ड घ्या, डोळे मिटून. आम्ही घेतल्यापासून कुणाचं काम कुठे अडलंय ते सकाळी आल्या आल्या दिसतं. पहिल्याच आठवड्यात मी एकट्याने दोनशे कार्डं लावली होती.

निळी शाई
धन्यवाद, पण सॉफ्टवेअर मिळणार नाही.

जुना मुकादम
ताई, सोपवायच्या भानगडीत पडू नका. मी एका हुशार मुलाला निविदेचे कागद सांभाळायला दिले होते. मुदत त्या शुक्रवारची, त्याने धरली पुढच्या शुक्रवारची. काम गेलं. बोलणी मी खाल्ली, कारण सही माझी. आपण मेल्याशिवाय स्वर्ग दिसत नाही, हेच खरं.

टिपणवही
मुकादम काका, मुदत लिहून दिली होती की तोंडी सांगितली होती?

जुना मुकादम
तोंडी. पण शंका होती तर त्याने विचारायला नको?

टिपणवही
त्याला शंका नव्हतीच, म्हणून तर विचारलं नाही. मी काम देताना चार ओळी लिहून देते. काम पुरं झालं असं कधी म्हणायचं, कधीपर्यंत, कुठले निर्णय तू मला न विचारता घ्यायचे, आणि काय झालं तर लगेच माझ्याकडे यायचं. मग समोरच्याला त्याच्या शब्दांत परत सांगायला लावते. दहा मिनिटं जातात, पण ‘या’ आणि ‘पुढच्या’ शुक्रवारचा घोळ तिथल्या तिथे उघडा पडतो. तिसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची. ती नसेल तर माणूस प्रत्येक गोष्ट विचारायला येतो आणि काम तुमच्याचकडे राहतं.
लिहून दिलं की नवख्यांना अपमान वाटतो म्हणतात. १९३५ साली बोईंगचं नवं बॉम्बर विमान चाचणीत कोसळलं. वैमानिक मुरलेले होते. विमान उभं असताना त्याचे हलणारे पृष्ठभाग जखडून ठेवणारं कुलूप सोडायचं राहून गेलं होतं, एवढंच. त्यानंतर वैमानिकांसाठी चेकलिस्ट आली, आणि तेच विमान पुढे बी-१७ म्हणून हजारोंनी बनलं. मुरलेले विसरतात, तिथे नवख्याला कसला अपमान?

रानवाट
वाखुसा (वाचनखूण साठवली). लिहून द्या, हेच सांगायला आले होते.

उंच माझा झोका
लिहाय-वाचायचं नंतर. आधी वरिष्ठांकडे दोन माणसं मागा. मी भांडून तीन मिळवली होती.

गणितप्रेमी
माणसं वाढवून लगेच वेळ सुटत नाही. पाच जणांत बोलणाऱ्या जोड्या १०, सात जणांत २१. उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात माणसं वाढवली की तो आणखी लांबतो, हे संगणकतज्ज्ञ फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलंय.

उंच माझा झोका
ते सॉफ्टवेअरचं. इथे तक्रारींची उत्तरं आहेत.

गणितप्रेमी
जोड्यांचं गणित कामाप्रमाणे बदलत नाही.

पानगळ
अवांतर पुरे. निळी शाई, दिलेलं काम परत येऊ देऊ नका. १९७४ साली हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये ऑन्केन आणि वॉस यांनी माकडाचं रूपक मांडलं होतं. हाताखालचा माणूस म्हणतो, ‘जरा अडचण आलीय.’ तुम्ही म्हणता, ‘ठेव, बघते.’ तेवढ्यात त्याच्या खांद्यावरचं माकड तुमच्या खांद्यावर. मी ‘बघते’ हा शब्दच सोडला. आता विचारते, ‘तुला काय करावंसं वाटतं?’ पहिले दोन आठवडे सगळे वैतागले होते.
सुरुवात सोमवारच्या अहवालापासून करा. ठरलेलं काम आहे, चुकलं तरी आभाळ कोसळत नाही.

रानवाट
+१. अहवालापासूनच.

उंच माझा झोका
अहवालाला अनुमोदन. तक्रारी मात्र सगळ्यात शेवटी.

जुना मुकादम
तक्रारी तर कधीच नाही. ग्राहक एकदा गेला की गेला.

निळी शाई
सगळ्यांचे मनापासून आभार. गेला आठवडाभर वेळ लिहून ठेवला. अहवालाला ४० मिनिटं, सुट्ट्यांना १५ मिनिटं, तक्रारींना सव्वाअकरा तास. अहवाल देऊन मी नऊऐवजी फार तर पावणेनऊला निघेन, आणि शिकवायचे दोन तास त्यातच संपतील. म्हणून तक्रारीच देतेय, टीममधल्या सगळ्यात जुन्या मुलीला. टिपणवहीच्या चार ओळी लिहिल्या. वस्तू बदलून द्यायचा निर्णय तिचा. एकाच ग्राहकाची तिसरी तक्रार आली तर माझ्याकडे.

जुना मुकादम
घाई करताय, ताई.

निळी शाई
काका, भीती मलाही वाटतेय. काल पहिला तास झाला. तिने माझ्यासमोर सहा उत्तरं लिहिली. चार मी वेगळी लिहिली असती, पण चूक एकातही नव्हती. पाचव्यात तिने ग्राहकाला थेट फोन करायचं सुचवलं. ते मला आठ महिन्यांत सुचलं नव्हतं.

टिपणवही
छान! पण तिचं आधीचं काम कुणाकडे गेलं? ते तसंच राहिलं तर महिन्याभरात ती नऊपर्यंत बसेल.

निळी शाई
कालच तिला विचारलं. साठ्याच्या नोंदी तिला नको होत्या, आठवड्याला दोन तास जातात. त्या मी घेतल्या.