आवाज आणि रेंज

मोबाईलमुळे पुढे माणसं एकमेकांपासून तुटत जातील, असं बरेच जण म्हणतात. पारोळ्यात आमच्या घरी तरी मला उलटं दिसतं. आई शाळेत गेली नाही, पण सुरतला असलेल्या भावाला रोज रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून पाठवते, "जेवना का रे भाऊ?" बोटाने माईकचं चिन्ह दाबून धरायचं, एवढंच ती शिकली. अक्षर येत नसलेल्यांसाठी उद्याचा फोन आवाजावरच चालणार, असं मला वाटतं. फक्त त्याला अहिराणी, भिली, पावरी या आमच्याकडच्या बोली कळायला हव्यात. नुसती पुस्तकी मराठी कळून इथे भागायचं नाही.

मला खरी काळजी रेंजची आहे. देशातलं पहिलं आधार कार्ड 29 सप्टेंबर 2010 ला आपल्या नंदुरबारच्या टेंभलीत दिलं गेलं. आज त्याच जिल्ह्यात, धडगाव-अक्कलकुव्याच्या सातपुड्यात, रेंजसाठी टेकडी चढावी लागते अशी गावं आहेत. बँक, रेशन, शिष्यवृत्ती सगळं फोनवर न्यायचं असेल, तर आधी त्या पाड्यांवर टॉवर उभे राहिले पाहिजेत. ओटीपी खाली गावात येईपर्यंत त्याची मुदत संपलेली असते.